प्रोटॉनच्या वस्तुमानाचा हिशेब वर्गात कोणत्या चित्राने मांडावा?

फळा_आणि_खडू | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या वर्गात प्रोटॉनचे नेहमीचे चित्र फळ्यावर काढले: एक वर्तुळ, आत तीन टिपके म्हणजे क्वार्क आणि टिपक्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगसारख्या नागमोडी रेघा म्हणजे त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन. मागच्या बाकावरील एका मुलीने वस्तुमानांचा तक्ता उघडून शांतपणे बेरीज केली. अप क्वार्क २.२, दुसरा अप २.२, डाउन ४.७, एकूण ९.१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (एमईव्ही), आणि प्रोटॉन मात्र ९३८.२७. "सर, शंभर रुपयांच्या बिलात एका रुपयाचा हिशेब लागला. उरलेले नव्याण्णव कशाचे?" असे तिने विचारले. मी "ग्लुऑनांच्या ऊर्जेचे" म्हणालो आणि तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली, म्हणून सुटलो.

हे उत्तर चूक नाही, पण ते उत्तरही नाही, हे मला ठाऊक आहे. हलक्या हॅड्रॉनांच्या, म्हणजे अप, डाउन आणि फार तर स्ट्रेंज क्वार्कांच्या कणांच्या अंतरंगाकडे पाहण्याच्या वाटा अनेक आहेत: घटक-क्वार्कांचे प्रारूप, पिशवीचे प्रारूप, कायरल सममितीवर उभारलेले सिद्धांत, लॅटिसवरील (अवकाश-काळाच्या जाळीवरील) गणन, डायसन-श्विंगर समीकरणे. या सगळ्यांना एका तासिकेत बसवणे शक्य नाही. मुलांची दिशाभूल होणार नाही असे एकच चित्र निवडायचे झाले, तर तुम्ही कोणते निवडाल?

उजळाईवाडी

नव्याण्णव रुपये सेवाशुल्क आहे, असे सांगून मोकळे व्हावे. ग्राहकाला सवय आहे.

निवृत्त_मास्तर

मी अठ्ठावीस वर्षे घटक-क्वार्कांचे प्रारूप शिकवले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. प्रत्येक क्वार्कला सुमारे ३३६ एमईव्ही इतके परिणामी वस्तुमान द्या, म्हणजे प्रोटॉनचे चुंबकीय आघूर्ण आपोआप जुळते. मग न्यूट्रॉन पाहा. दोन्ही आघूर्णांचे गुणोत्तर उणे दीड यावे असे प्रारूप सांगते, आणि मोजलेले आकडे २.७९३ व उणे १.९१३ आहेत, म्हणजे गुणोत्तर उणे १.४६. हाताने करता येणाऱ्या दोन ओळींच्या गणितातून इतके जवळ जाणारे दुसरे काही असेल तर मला दाखवावे. गेल-मान यांनी १९६२ मध्ये ज्याचे भाकीत केले तो ओमेगा-ऋण कण १९६४ मध्ये ब्रुकहेव्हनला नेमका अपेक्षित वस्तुमानाजवळ सापडला. तो कणांना सममितीनुसार गटांत बसवण्याच्या मांडणीचाच विजय होता, आणि त्याच वर्षी गेल-मान आणि झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे क्वार्कांची कल्पना मांडली.

मुलीला सांगावे की तक्त्यातील क्वार्क उघडा असतो आणि प्रोटॉनमधला क्वार्क ग्लुऑनांचे पांघरूण घेऊन वावरतो. पांघरुणासकट त्याचे वजन ३३६. हिशेब पूर्ण झाला.

तांबडी_माती

मी अभियंता आहे, त्यामुळे चुकलो तर सांभाळून घ्यावे. मला पिशवीचे प्रारूप सर्वांत पटते, कारण ते आमच्या तालमीसारखे आहे. एमआयटीच्या मंडळींनी १९७४ मध्ये ते मांडले. क्वार्क आखाड्यात मोकळे हिंडतात, पण आखाड्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. आत वस्तुमानच नसलेला क्वार्क कोंडला, तरी कोंडल्यामुळे त्याला किमान ऊर्जा घ्यावीच लागते, आणि ती आखाड्याच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे नव्याण्णव रुपये हे कोंडण्याचे मोल आहे. यात गूढ काय?

पायॉनपंथी

मास्तर आणि मातीकर, दोघांच्या उत्तरात एकच भोक आहे, आणि ते प्रोटॉनकडे पाहून दिसत नाही. पायॉनकडे, म्हणजे क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या सर्वांत हलक्या जोडीकडे, पाहावे लागते.

मास्तरांचे पांघरूण घेतलेले दोन क्वार्क एकत्र आणा: ६७२ एमईव्ही होतात. त्याच दोन क्वार्कांचा, फक्त स्पिन समांतर असलेला रो मेसॉन ७७५ ला आहे, ते ठीक. पायॉन मात्र १४० ला आहे. प्रोटॉनच्या सहाव्या हिश्श्याहूनही हलका. तीन क्वार्कांचे ९३८ आणि दोन क्वार्कांचे १४०, हे कोणत्या तराजूत बसते?

निवृत्त_मास्तर

स्पिन-स्पिन बलाने बसते. डेल्टा (प्रोटॉनसारखेच तीन क्वार्क, पण स्पिन समांतर) आणि प्रोटॉन यांच्यातील सुमारे २९३ एमईव्हीचा फरक ज्या बलाने येतो, तेच बल पायॉनला खाली खेचते. क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्यात ते अधिक तीव्र असते. डी रुहुला, जॉर्जाय आणि ग्लॅशो यांनी १९७५ मध्ये हे सविस्तर दाखवले आहे.

पायॉनपंथी

मास्तर, आदर राखून सांगतो. आकडा खाली खेचता येतो, पण तो खाली का आहे हे त्यातून कळत नाही. क्वार्कचे तक्त्यातील वस्तुमान हळूहळू शून्याकडे नेले, तर तुमच्या प्रारूपात पायॉन कोठेतरी थांबेल, कारण त्याला शून्यावर आणणारे कोणतेही तत्त्व त्या प्रारूपात नाही. प्रत्यक्षात पायॉनच्या वस्तुमानाचा वर्ग क्वार्कच्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात कमी होत जातो आणि दोन्ही एकदमच शून्याला पोहोचतात. गेल-मान, ओक्स आणि रेनर यांनी १९६८ मध्ये लिहिलेला संबंध हाच. प्रोटॉन मात्र त्या टोकाला गेला तरी काही दशक एमईव्हीच गमावतो आणि जवळजवळ तितकाच जड राहतो.

याचे कारण नाम्बू यांनी १९६० च्या सुमारास ओळखले होते, क्वार्कांची कल्पना येण्याच्याही आधी. समीकरणांमध्ये उजव्या आणि डाव्या हाताचे (स्पिन गतीच्या दिशेने किंवा उलट असलेले) क्वार्क एकमेकांपासून स्वतंत्र असतात, पण निर्वात अवकाश तसा राहत नाही: तो क्वार्क-प्रतिक्वार्कांच्या जोड्यांनी भरून जातो आणि ती, म्हणजे कायरल, सममिती आपणहून मोडते. या मोडण्यातून दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. क्वार्कला भारदस्तपणा येतो, म्हणजेच मास्तरांचे पांघरूण मिळते, आणि पायॉन मात्र जवळजवळ वस्तुमानहीन राहतो. पांघरूण आणि हलका पायॉन ही एकाच घटनेची दोन रूपे आहेत. ज्या प्रारूपात पहिले येते आणि दुसरे येत नाही, त्याने प्रोटॉन बरोबर सांगितला असला तरी तो योगायोगच समजावा.

नाम्बू यांना २००८ चे नोबेल मिळाले ते याच कल्पनेसाठी. वर्गात प्रोटॉनच्या आधी पायॉन शिकवावा, असे माझे मत आहे.

तांबडी_माती

म्हणजे माझा आखाडा बंद?

पायॉनपंथी

बंद नाही, पण त्याची भिंत सदोष आहे. उजव्या हाताचा क्वार्क भिंतीवर आपटला की परत येताना डाव्या हाताचा होऊन येतो: संवेग उलटतो, स्पिन तसाच राहतो. म्हणजे प्रत्येक धडकेला कायरल सममिती मोडते, आणि तीही निसर्गाच्या पद्धतीने नव्हे, आपण भिंत हाताने बांधली म्हणून. त्यावर १९८० च्या सुमारास थॉमस, मिलर आणि थेबर्ज यांनी उपाय काढला. भिंतीवर हरवलेली सममिती भरून काढण्यासाठी त्यांनी पिशवीभोवती पायॉनांचा ढग बसवला. पायॉन टाळून जाता येत नाही, तो मागच्या दाराने येतोच.

गुऱ्हाळ

मी रसायनशास्त्राची आहे आणि येथे शिकायला आले आहे. हा पायॉनांचा ढग म्हणजे समीकरण सावरण्यासाठी लावलेले ठिगळ आहे, की प्रयोगात कोठे दिसतो?

पायॉनपंथी

रास्त प्रश्न आहे, गुऱ्हाळताई. दिसतो. प्रोटॉन काही काळ न्यूट्रॉन आणि धन पायॉन अशा जोडीत राहू शकतो. धन पायॉनमध्ये अप क्वार्कबरोबर डाउनचा प्रतिक्वार्क असतो. त्यामुळे ढग खरा असेल, तर प्रोटॉनच्या पोटातील समुद्रात, म्हणजे सतत उपजणाऱ्या-विरणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांत, डाउनचे प्रतिक्वार्क अपच्या प्रतिक्वार्कांपेक्षा अधिक सापडायला हवेत. थॉमस यांनी १९८३ मध्ये असे भाकीत केले. त्या काळी दोन्ही सारखेच असतात असे बहुतेक जण धरून चालत, कारण ग्लुऑन फुटून जोडी तयार होताना अप आणि डाउन असा भेद करत नाही. सर्नमधील एनएमसी गटाने १९९१ मध्ये मोजले तेव्हा जी बेरीज एक तृतीयांश यायला हवी होती ती ०.२४ च्या आसपास आली, म्हणजे डाउनचे प्रतिक्वार्क खरोखरच जास्त निघाले. फर्मीलॅबच्या सीक्वेस्ट प्रयोगाने २०२१ मध्ये तोच कल अधिक थेटपणे दाखवला.

गुऱ्हाळ

धन्यवाद. ठिगळातून भाकीत निघाले आणि ते खरे ठरले, तर त्याला ठिगळ म्हणता येणार नाही.

उजळाईवाडी

माझ्या समजुतीप्रमाणे प्रोटॉन म्हणजे मिसळ आहे. क्वार्क म्हणजे मटकी, आणि उरलेला सगळा कट. मटकी मोजून मिसळीचे वजन सांगणाऱ्याला कोल्हापुरात कोणी उभे करणार नाही.

जालकवाली

उपमा चविष्ट आहे, परंतु कट वेगळ्या वाटीत ओतून मागता येतो. ग्लुऑन तसे मागता येत नाहीत, आणि खरी अडचण तेथेच आहे.

माझे शिक्षण कोल्हापुरातच झाले. आता बाहेरगावी लॅटिसवर काम करते, म्हणून थोडे आतले सांगते. विल्सन यांनी १९७४ मध्ये सुचवले की अवकाश आणि काळ यांची जाळी विणावी, गाठींवर क्वार्क ठेवावेत आणि गाठींना जोडणाऱ्या दोऱ्यांवर ग्लुऑन. दोन गाठींमधले अंतर आज सुमारे ०.१ फर्मी (एक फर्मी म्हणजे १०⁻¹⁵ मीटर) किंवा त्याहून कमी असते. काळ काल्पनिक करून घेतला की हा प्रश्न संख्याशास्त्राचा होतो, आणि संगणकावर ग्लुऑन-क्षेत्रांचे हजारो नमुने काढून सरासरी घेता येते. बीएमडब्ल्यू (बुडापेस्ट-मार्सेय-वुपर्टाल) गटाने २००८ मध्ये हलक्या हॅड्रॉनांचा अख्खा वर्णपट असा काढला. पायॉन, केऑन (पायॉनचा स्ट्रेंज क्वार्क असलेला भाऊ) आणि एक जड बॅरिऑन (तीन क्वार्कांचा कण) एवढी तीनच वस्तुमाने हातची घेतली आणि प्रोटॉनसकट बाकीची काही टक्क्यांच्या आत जुळली. त्यातही पायॉन त्यांनी १९० एमईव्हीपर्यंतच खाली आणला होता. उरलेले अंतर कापले ते पायॉनपंथींच्या कायरल सिद्धांताच्या आधाराने.

आता पडद्यावर काय दिसते ते सांगते. आडव्या अक्षावर काळ असतो, उभ्या अक्षावर परिणामी वस्तुमान. पायॉनसाठी ठिपके सुरुवातीला वरून उतरतात आणि मग पट्टीने आखावी तशी सपाट रेघ शेवटपर्यंत चालते. प्रोटॉनसाठीही ठिपके उतरतात, सातआठ ठिपके सपाट राहतात, आणि आता बसले असे वाटते तेवढ्यात त्रुटीच्या उभ्या काड्या लांबू लागतात. आणखी पाच ठिपक्यांनंतर त्या पडद्याबाहेर जातात. काळात एक फर्मी पुढे गेले की संकेत गोंगाटाच्या तुलनेत सुमारे चाळीस पटींनी क्षीण होतो, त्यामुळे तीच अचूकता हवी असेल तर सोळाशे पट नमुने लागतात. एका फर्मीसाठी.

हा गोंगाट येतो कोठून? प्रोटॉनच्या संकेताचा वर्ग घेतला की त्यात तीन क्वार्क आणि तीन प्रतिक्वार्क असतात, आणि त्यांना दोन जड प्रोटॉनांसारखे चालण्यापेक्षा तीन हलक्या पायॉनांच्या रूपाने चालणे स्वस्त पडते. मी प्रोटॉनकडे कान लावून बसते आणि शेजारच्या खोलीत तीन पायॉन गप्पा मारत असतात, असे रोज घडते. त्यामुळे पायॉन आधी शिकवावा, या मताला माझा स्वानुभवाने दुजोरा आहे.

निवृत्त_मास्तर

वर्णन वाचून आनंद झाला. पण संगणक संख्या देतो, समज देत नाही. ९३८ हा आकडा यंत्रातून बाहेर आला म्हणून त्या मुलीचे समाधान होईल का?

जालकवाली

होणार नाही, आणि तेवढ्यावर थांबूही नये. लॅटिसला वेगळे प्रश्नही विचारता येतात. जी शियांगडोंग यांनी १९९५ मध्ये प्रोटॉनच्या वस्तुमानाची चार हिश्श्यांत विभागणी सुचवली. २०१८ मध्ये लॅटिसवर ती काढली तेव्हा क्वार्कांच्या वस्तुमानाचा वाटा (समुद्रातील क्वार्कांसकट, म्हणून एकाहून जास्त) ९ टक्के, क्वार्कांच्या गतीच्या ऊर्जेचा ३२, ग्लुऑन-क्षेत्राच्या ऊर्जेचा ३६ आणि उरलेला २३ टक्के आला. विभागणी करण्याच्या इतरही पद्धती आहेत आणि कोणती स्वाभाविक यावर वाद चालू आहे. तरीही सरांच्या "ग्लुऑनांची ऊर्जा" या उत्तरात फार तर एक तृतीयांशाहून थोडे अधिक सत्य होते, असे म्हणता येईल.

गुऱ्हाळ

हा २३ टक्क्यांचा उरलेला हिस्सा कोणत्या पदार्थाचा आहे?

जालकवाली

पदार्थाचा नाही. वस्तुमानहीन क्वार्क आणि ग्लुऑन यांच्या अभिजात समीकरणांत लांबीचे कोणतेही माप नसते. सगळे दुप्पट केले तरी समीकरण तेच राहते. क्वांटम पातळीवर मात्र बलाची तीव्रता अंतराप्रमाणे बदलते. ग्रॉस, विल्चेक आणि पॉलिट्झर यांनी १९७३ मध्ये हेच दाखवले. बल कोणत्या अंतरावर तीव्र होते, हेच एक माप होऊन बसते. माप नव्हते तेथे माप उपजले, त्याचा हा हिस्सा. योगायोग म्हणा, पण तांबडी माती यांच्या पिशवीतही, वस्तुमानहीन क्वार्क धरले तर, पिशवीच्या घनफळाच्या ऊर्जेचा वाटा बरोबर एक चतुर्थांश येतो.

तांबडी_माती

म्हणजे आखाड्याची माती वजनात धरली जाते! एवढ्यावर मी समाधानी आहे.

पायॉनपंथी

मातीकरांच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगतो, कारण मी मघाशी त्यांना जरा जास्तच रेटले. प्रोटॉनचा स्पिन तीन क्वार्कांच्या स्पिनने पूर्ण होतो असे साधे प्रारूप सांगते. सर्नच्या ईएमसी गटाने १९८८ मध्ये मोजले तेव्हा क्वार्कांचा वाटा इतका कमी निघाला की लोक त्याला स्पिनचे संकट म्हणू लागले. आज तो सुमारे ३० टक्के धरतात. पिशवीच्या प्रारूपात क्वार्क प्रकाशाच्या वेगाच्या जवळ हिंडत असल्याने त्याच्या स्पिनचा काही भाग कक्षीय गतीत जातो आणि वाटा आपोआप १०० वरून सुमारे ६५ टक्क्यांवर येतो. पायॉनांचा ढग आणि ग्लुऑनांची देवघेव तो आणखी खाली आणतात. मास्तरांच्या मंद गतीच्या क्वार्कांना ही सोय नाही.

निवृत्त_मास्तर

मान्य आहे. मात्र चुंबकीय आघूर्णांचे माझे गुणोत्तर तुमच्यापैकी कोणीही मोडलेले नाही, याची नोंद असावी.

पायॉनपंथी

नोंद आहे. आणि ते इतके चांगले का जुळते, याचे सर्वमान्य उत्तर माझ्याकडेही नाही.

जालकवाली

मास्तरांना एक भेटही देते. डायसन-श्विंगर समीकरणे वापरणारे लोक क्वार्कचे वस्तुमान संवेगाप्रमाणे बदलताना दाखवतात. जोराने आदळून पाहिले तर क्वार्क काही एमईव्हींचा, सावकाश पाहिले तर तीनशेच्या घरातला. लॅटिसवरही हाच वक्र दिसतो. तक्त्यातला २.२ आणि मास्तरांचा ३३६ हे वेगळे कण नाहीत, एकाच वक्राची दोन टोके आहेत. पांघरूण आहे, फक्त ते पाहणाऱ्याच्या हाताप्रमाणे जाड-पातळ होते. आणि ज्या समीकरणातून हा वक्र निघतो, त्याच समीकरणाशी पायॉनची घडण गणिताने बांधलेली आहे.

फळा_आणि_खडू | शुक्रवार, सायंकाळी ७:१५

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज तास घेतला. वर्तुळ काढले नाही. आधी जालकवाली यांचा वक्र काढला, डावीकडे ३३६ आणि उजवीकडे अडीच-तीन, आणि खाली पायॉनचे १४० लिहून विचारले की हा इतका हलका कसा. पंचेचाळीस मिनिटांपैकी तीस तेथेच गेली. पिशवी शेवटच्या पाच मिनिटांत आली, आखाड्याच्या उपमेसह, आणि नेमकी तीच मुलांच्या लक्षात राहिली, हे तांबडी माती यांना कळवतो.

त्या मुलीचे समाधान झाले नाही. तिचा नवा प्रश्न असा: "सर, एकटा क्वार्क कधीच बाहेर येत नाही म्हणता. मग त्या ९.१ मधला २.२ कोणी तोलला?"

जालकवाली

तिला लॅटिसवर काम करायचे असेल तर मला जरूर कळवावे.

कोणीच तोलला नाही. क्वार्कचे वस्तुमान आम्ही संगणकात अंदाजाने घालतो, पायॉन आणि केऑन काढून पाहतो, मोजलेल्या वस्तुमानाशी जुळले नाहीत तर आकडा बदलतो आणि पुन्हा काढतो. पायॉनच्या वस्तुमानाचा वर्ग क्वार्कच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असल्याने तोच सर्वांत हळवा काटा ठरतो. अप आणि डाउन यांच्यातील फरक वेगळा काढण्यासाठी विद्युतभाराचे परिणामही धरावे लागतात. ज्या पट्टीवर क्वार्क २.२ चा दिसतो ती पट्टीही ठरवून घेतलेली असते, दुसऱ्या पट्टीवर आकडा दुसरा येईल.

फळा_आणि_खडू

म्हणजे तिने पहिल्या दिवशी केलेल्या बेरजेतच पायॉन होता.

उजळाईवाडी

आणि एक रुपयाचा हिशेब लागला होता, तोही आता गेला.

फळा_आणि_खडू

हे तिला सोमवारी सांगतो. ती काय म्हणते ते येथेच लिहीन.